उलटे होऊनही न पडणाऱ्यांची गोष्ट

आज गोष्ट सांगतो एका वळणाची. लोखंडी रुळाचं साधं वळण, पण ते नेमकं कसं वळवायचं हे उमगायला माणसाला एकशे तीस वर्षं लागली. तेवढ्या काळात किती जणांच्या माना आखडल्या आणि किती जणांनी कानाला खडा लावला, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. बसा जवळ.

थोरली शाळेच्या सहलीबरोबर खोपोलीला इमॅजिकात जाऊन आली. तिथल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरमध्ये बसली, पाच वेळा उलटी झाली आणि आल्यापासून आपल्या घरात तोच विषय चाललाय. धाकट्याची उंची अजून भरत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला नुसतं ऐकणं आलं. पण खरा प्रश्न त्यानेच विचारला. ‘ताई उलटी झाली तेव्हा पडली कशी नाही?’ थोरली लगेच म्हणाली, ‘अरे, पट्टा असतो ना!’

पट्टा असतो आणि तो असायलाच हवा. का, ते पुढे सांगेन. पण लूपच्या, म्हणजे रुळाच्या उभ्या वेटोळ्याच्या, अगदी टोकाला, डोकं खाली आणि पाय आभाळाकडे असताना, हिला धरून ठेवलं ते पट्ट्याने नव्हे. हिला सीटवर दाबून ठेवलं ते हिच्याच वेगाने.

पटत नसेल तर गच्चीवर चला. छोटी बादली घ्या, अर्धी पाण्याने भरा, हात ताठ ठेवा आणि बादली खालून वर, डोक्यावरून पलीकडे, अशी सलग गोल फिरवा. बिचकू नका, मध्येच थांबू नका. बादली डोक्यावर पालथी होते, तरी पाणी आत राहतं. आता जरा विचार करा. पाण्याला कुणी पट्टा बांधलाय का?

चालत्या वस्तूला सरळ जायचं असतं. हा निसर्गाचा अगदी मूळचा स्वभाव. न्यूटनने 1687 साली आपल्या ग्रंथात तो नियम म्हणून मांडला, पण त्याच्या आधीही गोफणीतून सुटलेला दगड सरळच जायचा. बादलीतल्या पाण्यालाही सरळ जायचं असतं, आणि बादलीचा तळ त्याला सारखा आत वळवत राहतो. डोक्यावर पोचलेलं पाणी खाली पडतच असतं, बरं का. पृथ्वी त्याला ओढायचं थांबवत नाही. पण बादली त्याच्यापेक्षा भराभर खाली वळते, म्हणून पाण्याला बादलीतून निसटायला सवडच मिळत नाही. तुमचा हात आणि बादलीची कडी मिळून साधारण एक मीटर लांबी धरू. मग एका फेरीला दोन सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला पाहिजे. त्याहून सावकाश फिरवलीत तर पाणी तुमच्या डोक्यावर. घड्याळ लावून बघा, गणित चुकत नाही.

आता तुम्ही विचाराल, जत्रेतल्या आकाशपाळण्याचं काय? तोही गोलच फिरतो. फिरतो, पण त्याचा पाळणा वरच्या दांड्याला लटकलेला असतो. त्यामुळे तो कुठेही असला तरी सरळच राहतो, डोकं कधी खाली जात नाही. लूपचा खरा भाऊबंद बघायचा तर सर्कशीत जायला हवं. आपल्याकडे सर्कस उभी केली ती विष्णुपंत छत्रे या मराठी माणसाने. 1880 साली त्यांनी मुंबईत खेळ लावला. पुढे सर्कशींत एक जाळीचा लोखंडी गोळा आला. त्यात मोटारसायकलवाला शिरतो, आधी आडवा फिरतो, मग उभा, खालून वर आणि वरून खाली. ‘मौत का गोला’ म्हणतात त्याला. मी लहान असताना तो खेळ सुरू झाला की तंबूत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता व्हायची, आणि मग इंजिनाचा आवाज. मला वाटायचं, हा माणूस विजेसारखा पळत असणार. मोठेपणी गणित केलं. गोळा पाच मीटर व्यासाचा धरला, तर टोकावरून न पडता जायला ताशी 18 किलोमीटर वेग पुरतो. जोरात सायकल मारणारा माणूससुद्धा एवढा वेग गाठतो. मात्र त्या वेगाखाली क्षणभरही येऊन चालत नाही, खरी मर्दुमकी तिथे आहे.

त्या मोटारसायकलवाल्याकडे एक गोष्ट असते, जी नायट्रोच्या गाडीकडे नसते. कोणती सांगा बघू? हो, इंजिन. त्याच्या उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर असतो. चढताना तो पीळ वाढवतो, उतरताना कमी करतो, म्हणून वर आणि खाली त्याचा वेग साधारण सारखाच राहतो. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिनच नसतं! साखळी तिला एकदा उंचावर नेऊन सोडते आणि पुढचा सगळा प्रवास त्या उंचीच्या पुंजीवर होतो. खाली आली की वेग वाढतो, वर चढली की वेग खर्च होतो. म्हणजे लूपच्या तळाशी ती सुसाट असते आणि टोकाशी दमलेली. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण हिच्यामुळेच घडलं.

रामायण सुरू होतं पॅरिसमध्ये, 1846 साली. आपल्या मुंबईत तेव्हा आगगाडीसुद्धा यायची होती, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती 1853 मध्ये. पॅरिसमध्ये लोकांनी एक उतरता रूळ बांधला आणि त्याच्या शेवटी एक उभं वर्तुळ. सुरुवातीला गाडीत वाळूच्या पिशव्या ठेवून सोडल्या, मग माणूस बसला. गाडी लूपमधून सहीसलामत बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, पण तो खेळ काही फार दिवस टिकला नाही.

मग 1884 मध्ये अमेरिकेत, न्यू यॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या समुद्रकिनारी, लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसाने लाकडी चढउतारांची गाडी सुरू केली. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, तिकीट पाच सेंट. तिच्यात लूप नव्हता, पण लोकांची झुंबड उडाली. किनारी लोक येतात, पैसे देतात आणि घाबरायला तयार असतात, हे सगळ्यांना कळून चुकलं. त्याच किनारी 1895 मध्ये लीना बीचर या गृहस्थाने ‘फ्लिप फ्लॅप’ उभी केली. साधारण पंचवीस फूट उंचीचं, कर्कटकाने काढल्यासारखं नेटकं वर्तुळ. दोन माणसं बसायची. बसून उतरली की मान धरून चालायची.

असं का झालं? थोरले, वही घे. हे गणित मला फार आवडतं आणि ते तुझ्या आवाक्यातलं आहे.

गाडी टोकाशी न पडता पोचायला तिथे काहीतरी वेग उरलेला हवा. निदान इतका, की तिथे वळवायला तुझं वजनच नेमकं पुरेल. त्या वेगाचा वर्ग धर एक हिस्सा. टोकापासून तळापर्यंत उंची किती? दोन त्रिज्या. एवढं खाली येताना वेगाच्या वर्गात चार हिस्से आणखी जमा होतात. एक आणि चार, पाच. म्हणजे तळाशी गाडीला वळवायला रुळाला तुझ्या वजनाच्या पाचपट जोर लावावा लागतो. शिवाय तुझं स्वतःचं वजन पेलायचं ते एक. पाच आणि एक, सहा. वर्तुळाच्या तळाशी तुझं वजन तुला सहापट वाटणार. तू 30 किलोची असलीस तर 180 किलोची झाल्यासारखं.

‘मग आजोबा, वर्तुळ मोठं करायचं.’ करून बघ. त्रिज्या दुप्पट कर, दहापट कर. उत्तर सहाच येतं, कारण त्रिज्या दोन्हीकडून कटून जाते. लहान केलं तरी सहा, मोठं केलं तरी सहा. वेग कमी करावा तर टोकाशी गाडी पडते. वाढवावा तर तळाशी मान मोडते. आणि चाकांच्या घर्षणात, वाऱ्यात थोडा वेग वाया जातो, म्हणून फ्लिप फ्लॅपवाल्यांना गाडी आणखी जोरात आणावी लागे. तिथे माणसाला वजनाच्या बारापटीपर्यंत दाब बसायचा असं सांगतात. शिवाय तो हळूहळू वाढायचा नाही. सरळ रूळ संपून वर्तुळ सुरू झालं की त्याच क्षणी सगळा भार एकदम मानेवर. लोकांनी त्यांना दोष दिला, पण मला बीचर आणि त्याच्या सोबत्यांचं कौतुकच वाटतं. त्यांची हिंमत खोटी नव्हती. चुकला होता तो फक्त आकार.

1901 मध्ये एडविन प्रेस्कॉटने त्याच किनारी ‘लूप द लूप’ बांधली. हा लूप त्याने लंबगोल केला. माणूस बरोबर वाटेवर होता! धक्का पुष्कळ कमी झाला. पण एका गाडीत चारच जण मावायचे. त्यामुळे बसणारे थोडे आणि फाटकाशी पैसे देऊन नुसतं बघणारे जास्त. धंद्याचं गणित बसलं नाही, आणि 1910 मध्ये ती बंद झाली. त्यानंतर जवळजवळ पासष्ट वर्षं माणसाने उभ्या लूपचा नाद सोडून दिला.

या पासष्ट वर्षांत दोन महत्त्वाच्या गोष्टी मात्र घडल्या. त्यातली एक समजायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या अँटॉप हिलच्या मोनोरेल स्टेशनाखाली उभं राहून वर बघा. काँक्रीटची एकच तुळई, आणि गाडी तिच्यावर मांड टाकून बसते. वजन पेलायला वर रबरी चाकं, आणि तुळईला दोन्ही बाजूंनी धरायला आडवी चाकं. ती बाजूची चाकं दिसत नाहीत, पण वळणावर गाडीला तुळईवर ठेवतात तीच. रोलर कोस्टरच्या गाडीला अशीच वर आणि बाजूला चाकं असतात, आणि त्यात तिसरं एक, रुळाच्या खालून. जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने 1919 मध्ये हे खालचं चाक सिद्ध केलं. रूळ असा वरून, बाजूने आणि खालून धरला की गाडी उलटी होवो, उसळो, रूळ सुटत नाही. दुसरी गोष्ट 1959 ची. डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ राइडसाठी लाकडाऐवजी पोलादी नळीचे रूळ वापरले गेले. नळी हवी तशी वाकवता येते. लाकडाला ते कुठून जमणार?

चाकं मिळाली, वाकणारा रूळ मिळाला. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात ‘कॉर्कस्क्रू’ आली. ती प्रवाशांना पीळ घालत, आडवी फिरवत उलटी करायची. ती पुढे तिथून उचलून आयडाहो राज्यातल्या सिल्व्हरवुड पार्कात नेली. आणि मग 1976, त्याच कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’. सुमारे 27 मीटर उंच, खराखुरा उभा लूप. माणसं त्यातून हसत बाहेर आली. ती बांधणारा अँटोन श्वार्त्सकॉफ, आणि रुळाचा आकार ठरवणारा इंजिनिअर वेर्नर श्टेंगेल. दोघेही जर्मन.

श्टेंगेलने नवं काय केलं? वर्तुळ फेकून दिलं. पाण्याचा थेंब उलटा धरावा तसा लूप त्याने काढला, वर आखूड गोलाई आणि खाली पसरट. तळाशी गाडी सुसाट असते, तिथे वळण मोठ्या त्रिज्येचं, सावकाश. टोकाशी दमलेली असते, तिथे वळण लहान त्रिज्येचं, म्हणजे थोड्या वेगातही ती सीटवर दाबून राहील. मघाशी सांगितलेली ती एवढीशी गोष्ट आठवते ना, खाली सुसाट आणि वर दमलेली? तिच्यावरचं उत्तर हे.

वहीत बघ. समजा लूप 20 मीटर उंच आहे. वर्तुळ असेल तर त्रिज्या 10 मीटर. तळाशी ताशी 80 किलोमीटर वेगाने शिरलेली गाडी टोकाशी ताशी 36 किलोमीटर वेगाने पोचते. तळाशी सहापट वजन, आणि टोकाशी शून्य, म्हणजे सीटचा आधार सुटल्यातच जमा. आता उंची तीच, वेग तेच, पण तळाशी त्रिज्या 25 मीटर आणि टोकाशी 6 मीटर कर. तळाशी वजन वाटतं तिप्पट, आणि टोकाशी शून्याऐवजी आपल्या वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश दाब, तोही सीटच्या दिशेने. सहाचे तीन झाले! उंची वाढवली नाही, एक घोडा जास्त जुंपला नाही. नुसता आकार बदलला.

आणि हे वळण श्टेंगेलने हवेतून आणलं नव्हतं. त्याचं गणित ऑयलर या गणितज्ञाने 1744 मध्ये मांडून ठेवलं होतं. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या इंजिनिअरांना त्याची गरज कधीच कळली होती. आपण वडाळ्याहून माहीमकडे जाणारी हार्बरची गाडी पकडतो. किंग्ज सर्कल यायच्या आधी ती डावीकडे वळते. उभे राहिलात तर सावकाश झुकता, पण फेकले जात नाही. कारण सरळ रुळाला वर्तुळ एकदम जोडत नाहीत. मध्ये असा तुकडा घालतात की वक्रता शून्यापासून थोडी थोडी वाढत जावी. बाहेरचा रूळही तसाच हळूहळू उंच होत जातो. बेस्टचा जुना ड्रायव्हर आठवतो? तो स्टीअरिंग एकाच संथ गतीने फिरवत जायचा आणि बसमधल्या कुणाच्या हातातली पिशवी हलायची नाही. वेग तोच ठेवून स्टीअरिंग संथ फिरवत गेलं की रस्त्यावर जी वाट उमटते, तीच ऑयलरची वाट. तिला क्लोथॉइड म्हणतात. श्टेंगेलने ती रस्त्यावरून उचलून उभी केली. जे ज्ञान रोजच्या प्रवासात माणसांची काळजी घेत होतं, तेच खेळाच्या कामी आलं. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

आपल्या मुंबईत तुमच्या आईबाबांच्या लहानपणी ‘राइड’ म्हणजे एस्सेलवर्ल्ड. 1989 मध्ये गोराईला सुरू झालं. मार्वेहून बोटीने खाडी ओलांडून जायचं, परत येताना कपडे ओले आणि घसा बसलेला. काही वर्षांपूर्वी ते बंद झालं. 2013 मध्ये खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात, इमॅजिका उघडलं. उभारणारे मनमोहन शेट्टी. आपल्या वडाळ्याच्या भक्ती पार्कजवळ घुमटाच्या आकाराचं आयमॅक्स 2001 साली उभं राहिलं ना, तेही त्यांच्याच अ‍ॅडलॅब्जचं. आता इमॅजिका संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. त्याच 2013 मध्ये आपला पूर्व मुक्त मार्ग सुरू झाला, आणि इंग्लंडमध्ये ‘स्मायलर’ नावाची राइड आली, जी एका फेरीत चौदा वेळा उलटी करते. मला विचाराल तर चौदा म्हणजे अती झालं. पाच पुष्कळ आहेत.

नायट्रो बांधली ती स्वित्झर्लंडच्या बोलिजर आणि माबियार या दोघांच्या कंपनीने. तिच्या सीटखाली फरशीच नाही. पाय मोकळे लोंबतात. उंची सुमारे 40 मीटर. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या कुठल्याही वस्तूचा वेग तळाशी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास होतो, आणि नायट्रोचा वेगही तेवढाच आहे. इंजिनाचा त्यात काही वाटा नाही. साखळीवरून वर जाताना ‘टक टक टक’ ऐकू येतं, ते ऐकून थोरलीला वाटलं काहीतरी मोडतंय. अगं, तो तर जिवाभावाचा आवाज. गाडीखालची लोखंडी जीभ एकेका दातात पडत जाते. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून.

आता पट्ट्याचं. लूपमध्ये वेग तुम्हाला दाबून ठेवतो, पण राइडमध्ये लूपखेरीज उंचवटे असतात, आडवे पीळ असतात. उंचवट्यावरून गाडी झपकन खाली वळते तेव्हा तुम्ही मात्र सरळ जायला बघता, आणि सीट खालून निघून जाते. तिथे पट्टा हवा. आणि कधी गाडी मध्येच थांबली तर वेगच उरत नाही, तेव्हाही पट्टाच. उंचीची अटही याचसाठी. तो खांद्यावरचा आधार ठरावीक मापाच्या शरीराला धरतो. लहान मूल त्यातून सरकू शकतं. धाकट्या, तुला कुणी हिणवायला ती रेघ काढलेली नाही, कळलं?

उंचवट्यावर पोटात जो गोळा येतो, तो काय असतो? तुमचं जठर, आतडी, यकृत, सगळी आत लटकलेली असतात. रोज त्यांना खालून आधार असतो. सीटने आधार काढला की तीही तुमच्याबरोबर पडू लागतात, एकमेकांवरचा भार नाहीसा होतो, आणि शरीराला हे नवं वाटतं. 2025 मध्ये आपले शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर अठरा दिवस राहून आले. त्यांना जे अठरा दिवस जाणवलं, ते तुम्हाला नायट्रोवर क्षण-दोन क्षण मिळतं. तेही पडतच होते, स्थानकासकट, पृथ्वीभोवती.

आणि कानाच्या आत, अगदी खोल, प्रत्येक बाजूला तीन अर्धगोल नळ्या आहेत, एकमेकींना काटकोनात. त्यांत द्रव आहे. डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूला कळतं की आपण कोणत्या दिशेने वळलो. शेजारीच चुनखडीचे बारीक कण एका मऊ पापुद्र्यावर बसलेले असतात. ते जिकडे ओढले जातात तिकडे ‘खाली’, असं मेंदू मानतो. म्हणून तर लूपच्या टोकाला डोळे मिटलेत तर उलटे झाल्यासारखं वाटतच नाही. तिथेही शरीराचा भार डोक्याकडे नाही, बुडाकडेच जाणवतो, आणि ते कण बिचारे सीटच्या दिशेलाच ‘खाली’ समजतात. थोरले, पुढच्या वेळी टोकावर डोळे मिटून बघ.

रक्ताचंही ऐका. तळाशी वजन तिप्पट होतं तेव्हा रक्तही तिप्पट जड होतं, आणि हृदयाला ते डोक्यापर्यंत चढवायला कष्ट पडतात. दाब फार वाढला आणि काही सेकंद टिकला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. लढाऊ विमानाच्या वैमानिकांना त्यासाठी पाय-पोट आवळणारा खास पोशाख घालावा लागतो. म्हणून लूप बांधणारे दाब किती, याबरोबरच तो किती वेळ, याचाही विचार करतात. म्हणूनच हृदयाचं दुखणं, पाठीचं-मानेचं दुखणं, गर्भारपण असेल तर फाटकावरचा माणूस बसू देत नाही. तो सांगतो ते ऐकायचं. हुज्जत घालायची नाही.

पुढच्या महिन्यात आपण सगळे जाऊ. धाकटा आणि मी खाली उभे राहू. एक काम मात्र दोघांनी करायचं. थोरलीने बसायच्या आधी लूपच्या अगदी समोरून, सरळ, एक फोटो काढायचा. घरी आल्यावर त्याची मोठी प्रत काढून वहीत चिकटवायची. मग धाकट्याने कर्कटक घ्यायचं, टोकाच्या गोलाईवर बसेल असं वर्तुळ काढायचं आणि ते खालपर्यंत न्यायचं. वर बसलेलं वर्तुळ खाली बसणार नाही. किती फरक पडतो ते पट्टीने मोजा आणि आकडा मला आणून द्या. त्यावरून तळाशी थोरलीचं वजन कितीपट झालं असेल, ते आपण तिघं मिळून काढू.